जनरेटरची पूजा

काल्याचं कीर्तन रंगात आलं आणि मांडवामागचा पेट्रोलचा जनरेटर पुन्हा धापा टाकू लागला. गावात वीज नव्हती. भोंग्यातून बुवांचा आवाज येई नि जाई. ऐंशी वर्षांच्या बुवांचं हे शेवटचं कीर्तन. माईकशिवाय मागे बसलेल्यांना एक अक्षर ऐकू येणार नव्हतं.

जनरेटर सांभाळणाऱ्या भानुदासने प्लग पुसला, एअर फिल्टर झटकला, चोक तपासला. दोन मिनिटं बरं चालून इंजिन परत गुदमरे.

"अरे भाना, देवाचं काम आहे!" एक टाळकरी खेकसला.

"म्हणूनच तर एकेक भाग तपासतोय, अण्णा!"

पेट्रोल बघायला त्याने टाकीचं झाकण सैल केलं. हवा फुसकन आत शिरली आणि इंजिन सुरात लागलं. झाकणावरचं हवेचं बारीक छिद्र वाळलेल्या हळदीकुंकवाने लिंपलं होतं; टाकीत हवा शिरत नसल्याने पेट्रोल खाली उतरत नव्हतं. पहाटे आईनेच जनरेटरची पूजा केली होती, कीर्तनात विघ्न नको म्हणून. त्याने टाचणीने छिद्र मोकळं केलं.

मांडवात गजर उसळला. आई डोळे पुसत मागे आली. "काय रे बिघडलं होतं?"

भानुदासने अंगठ्याला लागलेलं कुंकू आपल्या कपाळी टेकवलं.

"काही नाही गं. पूजा जरा जास्तच मनापासून झाली होती."