उजवी बाजू

“आजोबा, तुमची गाडी दर वेळी उजवीकडेच का घासते?”

हा प्रश्न विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. रोज सकाळी आजोबांच्या गाडीत मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून कॉलेजात जाणाऱ्या तिघी जणी, पण विचारायची छाती एकीचीही नव्हती. भिंगरीने विचारला. तोही कुठे, तर बैठकीच्या खोलीत, विमा एजंट समोर बसलेला असताना.

आईने डोळे वटारले. बाबांच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

गाडीच्या विम्याचा हप्ता यंदा एकदम चढला होता. एजंट म्हणत होता, तो तरी काय करणार. चालवणाऱ्याचं वय वाढलेलं, त्यात वर्षभरात सारखे दुरुस्तीचे दावे, मग सवलत जाणारच. मग त्याने दुसरा मार्ग सांगितला. नुसता थर्ड पार्टी विमा घ्यायचा. हप्ता किरकोळ. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरते, आपल्या गाडीचं मात्र आपण बघायचं. बाबांना हे फारच पटलं. तेवढाच घेऊ, गाडी काय खाली उभीच राहील, किल्ली कपाटात ठेवू, असं ते म्हणाले. आजोबांकडे न बघता म्हणाले, पंख्याकडे बघून.

आजोबांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. किल्ली तिथे होती. कधीकाळी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलेला हा माणूस. बाबांनाही त्यांनीच शिकवली होती.

प्रश्नाचा त्यांना राग आला नाही. “तेच तर मला कळत नाही, भिंगरे. डोळे तपासून आलो, कान तपासून आलो. सगळं ठणठणीत. तरी घासल्यावरच कळतं.”

एजंटला गाडीचे फोटो हवे होते, म्हणून सगळी वरात खाली उतरली. गाडीची उजवी बाजू म्हणजे मांजराने बोचकारलेला सोफा. डावी बाजू मात्र अशी, की जणू काल शोरूममधून आणली. मागची भिंत इतकी जवळ, की नंबरप्लेट फोटोत येईना. आजोबांनी किल्ली बाबांना दिली आणि गाडी जरा पुढे घ्यायला सांगितलं. बाबा स्टीअरिंगवर बसले. आजोबा, कोणी न सांगता, डावीकडचं दार उघडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि समोरच्या कप्प्यात गाडीची कागदपत्रं शोधू लागले.

गाडी हलली.

“थांब. चार बोटं उरलीत,” आजोबा म्हणाले. मान वर न करता.

बाबांनी गचकन ब्रेक मारला. भिंगरी धावत पुढे गेली. डावीकडच्या खांबाच्या आणि गाडीच्या मध्ये तिने वाकून हात घातला. चार बोटं बसली, अंगठा बाहेर राहिला. उठता उठता तिला खिडकीतून आजोबांचा पाय दिसला. त्यांनी पायाखालची रबरी मॅट जीव खाऊन दाबून धरली होती. तिथे ब्रेक नव्हता.

“आजोबा, शिकवताना तुम्ही कायम इथेच बसायचात?”

“मग काय टपावर बसणार? मास्तर डावीकडेच बसतो. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा.”

“आणि उजवी बाजू?”

 मॅटवरचा पाय आजोबांनी सावकाश मागे घेतला.

“उजवीकडचं बघायला तिथे कुणीतरी बसलेलं असायचं गं.”

एजंट उगाचच फोनची काच पुसायला लागला. बाबांनी इंजिन बंद केलं. सगळ्यात आधी आईच बोलली. आवाज कडक नव्हता, पण शब्द सरळ होते. मागच्या खेपेला आरसा गेला, आरशाच्या जागी उद्या कुणाचं पोर असलं तर काय करायचं? आणि आयुष्यभराची सवय या वयात कुठे मोडायची?

आजोबांनी मान डोलावली. एरवी वाद घालायची त्यांना केवढी हौस. बाबांनी किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली, तर म्हणाले, “राहू दे तुझ्याकडेच.”

ती किल्ली बाबांच्या खिशात जायच्या आत भिंगरीने खिडकीतून हात घातला आणि ओढून घेतली. तिचं शिकाऊ लायसन्स मागच्याच आठवड्यात आलं होतं. नाक्यावरच्या क्लासमध्ये तिचं नाव घालायचं आईने पक्कं केलं होतं.

“आई, बाबा, ऐका. क्लासला मी जात नाहीये. मी आजोबांकडे शिकणार, आणि यापुढे आजोबा डावीकडेच बसणार. पक्कं लायसन्स मिळेपर्यंत मैत्रिणी बसने जातील, नाहीतरी त्यांना फार प्रश्न पडतात.” मग ती एजंटकडे वळली. “काका, विमा पूर्णच लिहा. नवशिक्यांना डावीकडचा अंदाज येत नाही म्हणतात. ती बाजू आजोबांची.”

बाबा अजून स्टीअरिंगवरच होते. तिने त्यांच्या बाजूचं दार सताड उघडलं.

“उतरा, बाबा. इथे आता मी बसणार.”