मूळ प्रत

लेकीची बॅग भरून दाराशी तयार होती. घरदार सोडून आमच्यात राहायला आलात तरच आत्म्याचं तारण, असं तिच्या नव्या धर्ममंडळीचे पुढारी, ‘थोरले बंधू’, सांगत. घरच्यांच्या चर्चचे पास्टर समजावून दमले, आई रडून दमली. बाबा मात्र जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस; वाद घालणं त्यांना कधी जमलंच नाही.

“जा बाई,” ते म्हणाले, “पण त्याआधी थोरल्या बंधूंची ही पुस्तिका माझ्यासोबत एकदा तपासून दे. लहानपणी तपासायचीस तशी. तू छापलेलं मोठ्यानं वाच, मी मूळ प्रतीवर बोट ठेवतो.”

मूळ प्रत म्हणजे घरातलं पवित्र शास्त्र, बायबल. लेक नाक मुरडत वाचू लागली. चौथ्या पानावर तिनं वाचलं, “चांगलं आहे ते घट्ट धरून ठेवा, असं शास्त्र सांगतं.”

बाबांचं बोट थांबलं. त्यांनी शास्त्र तिच्यापुढे सरकवलं. पुस्तिकेत गाळलेली त्या वचनाची सुरुवात तिथं होती: आधी सगळं पारखून घ्या.

लेकीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग उठली आणि तडक दाराशी गेली. बॅगेची चेन वाजली.

ती परत आली ती पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन.

“बाबा, ह्या अजून सात आहेत. लाल पेन्सिलीला टोक काढा, आणि आईला म्हणावं, डोळे पूस.”