गच्चीवरचं प्लॅटिनम

गच्चीवर येऊन बराच वेळ झाला, तरी देवेश प्लॅटिनमवरून खाली उतरायला तयार नव्हता. वल्लरीने त्याच्या आवडीनिवडी विचारल्या होत्या. तो अजून प्रयोगशाळेतल्या धातूच्या तुकड्यातच अडकला होता.

खाली वल्लरीच्या सुकापूरच्या घरात दोन्हीकडची माणसं उत्तराची वाट बघत होती. पाहुणे उठायच्या आत हो की नाही ते सांगायचं, अशी वडिलांची ताकीद होती. वल्लरीचा नकार जवळजवळ ठरलाच होता. मुलगा वाईट नव्हता. पण गच्चीवर कोणता मुलगा वाईट असतो? मागचा इथे साखरेसारखा बोलला आणि जिना उतरताच स्वतःच्या आईवर खेकसला.

देवेश सांगत होता, की पूर्वी धातूचा पृष्ठभाग हवा काढून घेतलेल्या डब्यात ठेवून बघायचे. तिथे तो गुळगुळीत, शिस्तीत दिसायचा. मग कुणीतरी डब्यात वायू भरला. वायूचे रेणू पृष्ठभागावर येऊन चिकटले, आणि धातूचे अणूच जागा सोडून सरकले. नवेच पुंजके झाले.

"म्हणजे आधी दिसलं ते खोटं नव्हतं," तो म्हणाला, "पण कामाचंही नव्हतं."

वल्लरी उठली. "चला खाली."

"उत्तर ठरलं?"

"अजून नाही. आधी वायू भरून बघते."

खाली वायूला तोटा नव्हता. काक्या होत्या, माम्या होत्या आणि सगळ्यांवर कडी म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वेणूआत्या. वल्लरीने देवेशला नेमकं तिच्यासमोर बसवलं आणि स्वतः दाराला टेकून बघत राहिली. आत्याने विचारलं, एवढा हाडकुळा का, केस इतक्यात विरळ का, आईच्या हाताला चव नाही का. तो हसत, सावकाश उत्तरं देत गेला. आईच्या हाताची बाजू तेवढी जरा ठासून घेतली. धातू जागचा हलेना.

मग आत्याने त्याचं काम विचारलं. त्याने तेही समजावलं.

"म्हंजे आखा दिस पत्र्यावर धूर सोडून बघत बसतंस," आत्या म्हणाली. "हा काय कामधंदा हाय?"

सगळ्या बायका खो खो हसल्या. देवेशही हसला.

"आत्या, त्यांच्या कामाला नावं ठेवायची नाहीत."

हसू थांबलं. हा आवाज आपलाच, हे वल्लरीला जरा उशिरा कळलं. त्याहून उशिरा कळलं, की दार केव्हाच मागे राहिलंय आणि आपण देवेशच्या खुर्चीला खेटून उभ्या आहोत.