आगाऊ फी

वेणुगोपाळरावांनी नाचियार्कोविलच्या भातशेतासाठी धाकट्या भावावर, राधाकृष्णावर, दावा लावला होता. सुनावणी अर्ध्यावर आली आणि त्यांचे वकील वैद्यनाथय्यर दावा चालू होता त्या कुंभकोणमच्याच कोर्टात मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, नेमले गेले. आता त्यांना वकिली करता येणार नव्हती. आगाऊ दिलेली फी बुडालीच असं धरून, भांडायच्या तयारीनं वेणुगोपाळराव त्यांच्याकडे गेले.

वैद्यनाथय्यरांनी सगळी रक्कम मुकाट्यानं पुढे ठेवली.

"अर्धं काम तर तुम्ही केलंत," वेणुगोपाळराव चाचरत म्हणाले.

"पुरं केलं नाही. घेऊन जा. आणि या दाव्याबद्दल यापुढे माझ्याशी बोलू नका."

रस्त्यातच वेणुगोपाळरावांच्या मनात पाल चुकचुकली. हातातले पैसे इतक्या सहज कोण सोडतो? राधाकृष्णानं याहून जास्त पोचवले असणार, आणि उद्या निकाल द्यायला बसणार हाच माणूस.

ते घरी न जाता थेट भावाच्या दारी गेले. दावा लागल्यापासून त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता.

"अर्धं शेत तू ठेव, अर्धं मला दे. मी दावा मागे घेतो."

राधाकृष्णानं घासाघीस केली नाही. तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"अण्णा, तुमचे वकील मुन्सफ झाल्याचं ऐकलं आणि माझी झोपच उडाली. तुमचे पैसे त्यांच्याकडे आधीच पोचलेले. मग निकाल माझ्या बाजूनं कसा लागणार होता?"