सव्वा इंची धार

"मी मोठ्यानं म्हणीन, आता मोटर लावतो. तेवढं ऐकलं की तुम्ही तुमची चालू करा," पंजाबराव कुंपणाच्या भिंतीवरून म्हणाले. "येक घंटा, सर. पाहुणे गेले की बंद."

सदाशिवरावांनी मान डोलावली. कोणाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, पण पुस्तक हरवून आलेलं पोर समोर उभं राहिलं की ओशाळायचे हेच.

दोन महिन्यांपासून पंजाबरावांचं घर नटत होतं. ते विकून मुलाकडे नागपूरला कायमचं जायचं ठरलं होतं. छताला पीओपी झालं, स्वयंपाकाच्या ओट्यावर काळा ग्रॅनाइट बसला, अंगणात रंगीत पेव्हर ब्लॉक आले, कुंपणालाही नवा रंग चढला. घर पाहायला येणारे ग्रॅनाइटवरून हात फिरवत आणि जाताना एकच विचारत, बोअरला पाणी किती? लोहारा गावाच्या या बाजूला पाण्यावाचून कोणी घर घेत नाही, आणि पंजाबरावांची बोअर दोन वर्षांपासून कोरडी होती. म्हणून पेव्हर ब्लॉकखालून एक पाइप गेला होता, सदाशिवरावांच्या बोअरपासून पंजाबरावांच्या बोअरच्या तोंडापर्यंत. मोटर जमिनीच्या पोटात असते. कोणाची चालू आहे हे वरच्याला कळत नाही.

आज नेरहून बाबूसिंग राठोड घर पाहायला आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सोबत सून वर्षा. इकडे सदाशिवराव परसात स्टार्टरच्या पेटीपाशी स्टूल घेऊन बसले होते. मांडीवर पुस्तक होतं आणि एकच ओळ ते तिसऱ्यांदा वाचत होते. मागच्या खोलीत इंदूबाई पलंगावर पडून होत्या. वॉकर हाताशी होता.

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नळाला वीस-वीस दिवस पाणी नव्हतं, आणि सदाशिवरावांकडे तेव्हा बोअर नव्हती. इंदूबाई पाण्याचा रिकामा गुंड घेऊन याच भिंतीपाशी उभ्या राहायच्या. पलीकडे पंजाबराव पाइप धरून गाडी धूत असायचे. "आज नाही, वहिनी. उद्या पाहू. अन् तो गुंड भिंतीवर ठेवू नका, रंगाले डाग पडते." असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी त्या चौकातल्या टँकरवर गेल्या, चिखलात पाय सटकला आणि खुबा मोडला. पंजाबरावांना काय सुनवायचं याची वाक्यं सदाशिवराव तेव्हापासून मनात जुळवत होते आणि खोडत होते. एकही पुरेसं वाटलं नाही.

"आता मोटर लावतो," पलीकडून आवाज आला.

सदाशिवरावांनी हिरवं बटण दाबलं. भिंतीच्या सिमेंटच्या जाळीतून त्यांना सगळं दिसत होतं. आधी पाइप खोकला, मग सव्वा इंची धार अंगणात कोसळली. वर्षाने हात पुढे केला. बाबूसिंग ओंजळ भरून पाणी प्यायले आणि मिशा पुसत गोड आहे म्हणाले. उन्हाळ्यात टिकते का, असं मात्र दोनदा विचारलं.

जाऊ द्यावं, सदाशिवरावांच्या मनात आलं. माणूस चाललाच आहे. भिंतीपलीकडे ते तोंड पुन्हा दिसणार नाही. आपल्यासारख्याला कुठं सूड घेता येतो? त्यांनी पान उलटलं.

"बारमाही हाये, राठोडसाहेब," पंजाबराव सांगत होते. "आजूबाजूच्या बाया आमच्याच घरून पाणी न्यायच्या. या बोअरनं कोणाले नाही म्हटलं नाही."

सदाशिवरावांनी पुस्तक मिटलं आणि लाल बटण दाबलं.

धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली.

"लाइन गेली वाटते," पंजाबराव म्हणाले.

वर्षाने पोर्चच्या छताकडे पाहिलं. "पंखा तं फिरून राह्यला."

"आता मोटर लावतो," पंजाबराव म्हणाले. मग आणखी मोठ्यानं म्हणाले. मग स्वतःच भिंतीपाशी आले आणि जाळीला तोंड लावून कुजबुजले, "सर, पाया पडतो. येकडाव चालू करा."

सदाशिवरावांनी पाच वर्षांतली वाक्यं आठवून पाहिली. आपलं एकही कामाला येईना. तोंडून निघालं ते दुसऱ्याचंच.

"आज नाही, पंजाबराव. उद्या पाहू."

बोलून झाल्यावर त्यांनी मिटलेलं पुस्तक छातीशी धरलं.

मागे बाबूसिंग वाकून जमीन पाहत होते. ब्लॉकची एक ओळ बाकीच्यांपेक्षा जराशी वर आलेली होती. तिच्या मागोमाग ते भिंतीपर्यंत आले आणि जाळीतून त्यांना स्टूल, पेटी आणि पुस्तकवाला म्हातारा दिसला. विनातिकीट माणूस सापडल्यावर हसत असतील तसे ते हसले.

"चाल, वर्षा," ते म्हणाले. "पाणी शेजारच्या घरचं हाये."

गाडीचा आवाज दूर गेला तेव्हा सदाशिवराव खोलीत आले. इंदूबाई उठून बसल्या होत्या. भिंतीकडची खिडकी उघडी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आता नाही विकलं जात त्याचं घर," सदाशिवराव खाली पाहत म्हणाले. "गोष्ट साऱ्या लोहाऱ्यात होईन. इथंच राहीन आता तो, आपल्या शेजारी. मले वाटते, चुकलंच माझं. गेला असता तं बरं झालं असतं."

इंदूबाईंनी वॉकर जवळ ओढला.

"गुंड भिंतीवर ठेवा," त्या म्हणाल्या.

"भरलेला?"

"काठोकाठ. अन् मले खिडकीपाशी बसवा."