शपथेला चालेल असं विमान

"पंख्याचं नको," मनोहरराव म्हणाले, आणि मेघानं निमूटपणे टॅबवरचं चित्र पुढं सरकवलं.

सुभद्राबाई चहा ठेवून तिथंच टेकल्या. सोयरीक जमवताना मुली बघाव्यात, तशी त्यांचे यजमान सकाळपासून विमानं बघत होते. ही ठेंगणी, ती रोड, तिसरीचं नाक बसकं. खाली गादीवर मांडी घालून, लोडाला टेकून. घरात सोफा होता, पण नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडदुकानात उभी हयात मांडी घालून गेलेली. सोफ्यावर त्यांचे पाय लोंबकळत.

जायचं होतं घोडदऱ्याला. लेक कामिनीच्या सासरी. पोरीला पहिली मुलगी झाली होती आणि उद्या बारसं होतं. गाडीनं गेलं तर अडीच तासांचा रस्ता, वाटेत भजीही बरी मिळतात. पण मनोहररावांना गाडी चालत नव्हती. त्यांची शपथ होती.

शपथेचं कारणही ऐकण्यासारखं. कामिनीचं लग्न मुलाकडंच झालं. आहेरात व्याह्यांनी मनोहररावांच्या हाती एक शर्टपीस ठेवलं. बोटं लागताच त्यांना कळलं की कापड आपल्याच दुकानचं आहे. तेही देण्याघेण्याच्या गठ्ठ्यातलं, जे ते स्वतः गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत, "न्या बिनधास्त, हे कोणी शिवत नाही, पुढं सरकवते" असं सांगून. आता माल फिरत फिरत धन्याकडंच आला, यात व्याह्यांचा काय गुन्हा? पण हे मनोहररावांना सांगावं कोणी! भर मांडवात उठून ते गरजले की घोडदऱ्याच्या रस्त्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण बाप हट्टाला पेटलेला पाहून कामिनी आलीच नाही. परवा फोनवर तिनं आईला शांतपणे सांगितलं, बारशाला आला नाहीत तर मग कधीच येऊ नका. सुभद्राबाईंची तयारी तर तेव्हाच झाली होती. चांदीचे वाळे, मऊ दुपटं, डिंकाचे लाडू, सगळं पिशवीत भरून दाराशी ठेवलेलं. नवऱ्याची शपथ म्हणजे घराची शपथ, असं धरून त्या गप्प होत्या इतकंच.

आणि काल मनोहररावांना सुचलं की आकाशात रस्ता नसतो. अक्कल अशी, की ठोकमध्ये विकावी.

मेघा विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत होती आणि पोरीला सहनशक्ती भरपूर होती. ती समजावत होती की जवळच्या प्रवासाला, लहान धावपट्टीला पंख्याचंच विमान घेतात. घोडदऱ्याजवळ सिमेंट कारखान्याची जुनी धावपट्टी आहे, तिथं ते आरामात उतरेल. मनोहररावांचं म्हणणं, पंखा तर व्याह्यांच्या ओसरीतही आहे. मग तिनं छोटं जेट दाखवलं. ते जवळजवळ ठरलंच होतं, पण त्याचं दार बुटकं निघालं.

"म्हणजे व्याह्यासमोर मी वाकून उतरू काय?" त्यांनी विचारलं.

मधलंही नापास झालं, कारण आत फेटा छताला लागला असता. फेटा अजून आणायचा होता, पण लागला असता. शेवटी सगळ्यात मोठं आलं. आत पलंग, ताठ उभं राहण्याइतकं छत, इथून थेट परदेशी जाईल असं. मनोहररावांचा चेहरा उजळला. हेच, ते म्हणाले, आणि व्याही वर बघतील तेव्हा त्यांचं तोंड कसं होईल ते करूनही दाखवलं.

मेघानं टॅब खाली ठेवला.

"काकाजी, याला खूप लांब धावपट्टी लागते. कारखान्याच्या पट्टीवर हे उतरणार नाही. घोडदऱ्याला जवळचं विमानतळ म्हणजे आपलं नागपूरच."

नागपूरहून उडायचं आणि नागपूरलाच उतरायचं, हा सौदा मनोहररावांच्याही पचनी पडेना. सुभद्राबाईंनी मेघाला विचारलं, त्या पंख्याच्या विमानानं कारखान्यापाशी उतरलो, तर पुढं लेकीच्या घरी कसं जायचं? गाडीनं, मेघा म्हणाली, अर्धा तास, आणि रस्ता तर तो एकच आहे.

ऐकून सुभद्राबाईंना आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की एवढे दिवस आपण कशाला गप्प बसलो हेच त्यांना कळेना. त्या उठल्या. दाराशी जाऊन पिशवी उचलली आणि कवडू ड्रायव्हरला हाक मारली.

"शपथ तुमी घेतली होती," त्या वळून म्हणाल्या. "मी तवा आत लेकीची ओटी भरून राहिली होती."

गाडी फाटकातून निघाली आणि थांबली. मागचं दार उघडून मनोहरराव आत आले. बिनफेट्याचे, घरच्याच सदऱ्यात. सीटवर बसले आणि दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी मांडी घातली, गादीवर घालत तशी. बुटीबोरी मागं पडली, भज्यांचं ठिकाण आलं. भजी गाडीतच आणून द्यावी लागली. पाय काही खाली आले नाहीत.

घोडदऱ्याची वेस ओलांडली तेव्हा सुभद्राबाईंना राहवेना.

"अन् आता उतरसान कसे?"

मनोहरराव मुंग्या आलेली पोटरी चोळत होते. डोळे मात्र समोर, व्याह्यांच्या उघड्या फाटकावर.

"कवडू, गाडी सीधी आत घेजो," ते म्हणाले. "शपथ रस्त्याची होती. अंगणाची नाही."