तिसरा पुकार

"हात हलवू नको ना गा, नवरदेवा," रहीम म्हणाला. "एक बाही लंबी आन् एक आखूड झाली तं उद्या लोकं मलेच हसतीन."

मुखरू सुतारानं हात सरळ केला. रहीम शिंप्याच्या दुकानापुढून शनिवारचा बाजार सरकत होता. बाया मोहफुलांच्या टोपल्या घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

"आन् हो, सांगाचं राह्यलंच. सकाळी एक मानूस तुले विचारत होता. मुखरू सुतार कुठी राह्यते, म्हने."

हात पुन्हा हलला. "कोन मानूस?"

"मी तं पयल्यांदाच पाह्यला. दाढी वाढलेली, डोईले फडकं. अर्धं तेलंगी बोले. सिरोंच्याकडचा असन."

रहीमनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. आता त्याला रंग चढला होता.

"तुह्या रुखमाबाईचा पयला नवरा देवाजी पंधरा वर्सांपयले वैनगंगेच्या पुरात गेला. मुर्दा काई भेटला नाई. आन् वैनगंगेचं पानी जाते कुठी? सिरोंच्याकडंच ना! नदीतून निंघून आला असन पाहुणा, लग्नाचं जेवाले."

"मजाक करू नको, रहीम. तू त्याले काय सांगतलं?"

"घर दाखवलं. घरी नाई भेटला तं उद्या चर्चात या, म्हटलं. नवरदेव तिथं सापडनच."

त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं की पाद्रीसाहेब ओळीनं तीन रविवार नवरानवरीची नावं पुकारत. ज्याची हरकत असेल त्यानं उभं राहून सांगायचं. तिन्ही वेळा कुणी उठलं नाही तर लग्नाची वाट मोकळी. कुणी उठला, तर लग्न तिथंच थांबलं. मुखरू आणि रुखमाबाईचे दोन पुकार सुखरूप पार पडले होते. उद्याचा तिसरा.

मुखरू पन्नाशीला टेकला होता. बारा वर्षांपूर्वी हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून तो गावात आला, तेव्हा त्याचं म्हणायला कुणी नव्हतं. बायको महामारीत वारली, एवढंच त्यानं सांगितलं. त्याच्या हातचं बैलबंडीचं चाक दहा पावसाळे हलत नाही, असा लवकरच बोलबाला झाला. मंडळीनं त्याला आपलं मानलं. आता उतारवयात त्याच्या घरी चूल पेटणार होती.

अर्धवट शिवलेला कोट रहीमच्या हातात देऊन तो उठला. बाजारातून न जाता मागच्या पांदीनं निघाला. गावाबाहेर चिंचेखाली एक अनोळखी बंडी एका अंगावर कलून पडली होती. बैल सोडलेले होते. एरवी असली बंडी दिसली की मुखरू चाकाला हात लावल्याशिवाय पुढं जात नसे. आज त्यानं मानसुद्धा वळवली नाही.

घरी तो गेलाच नाही. चर्चमधलं शेवटचं बाक महिनाभर मोडून पडलं होतं. तेच ठोकत बसला. सूर्य कलला तरी हातोडा थांबेना. शेवटी हात दुखायला लागले, तेव्हा उठून तो रुखमाबाईच्या दारात गेला.

ती तांदूळ पाखडत होती. महिन्याभरापासून ती त्याला 'मुखरूभाऊ' म्हणायची थांबली होती आणि दुसरं काही म्हणायला अजून जीभ धजत नव्हती.

"पानी पाह्यजे काय?"

"रुखमा, आपन आजच चांद्याले जाऊ. तिथले पाद्री लावून देतीन लग्न."

सूप थांबलं. "तिसरा पुकार झाल्याशिवाय मी कोनाच्या घरात पाय ठेवत नाई. चोरावानी काऊन जाऊ?"

मुखरूनं खाली पाहिलं.

"रहीमभाऊ येऊन गेले," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तो मानूस म्हंजे आमचे तेच असतीन, म्हनून घाबरून राह्यले का तुमी?"

तो दाराच्या चौकटीतला सैल खिळा अंगठ्यानं दाबू लागला.

"आले तं आले. मी तांब्याभर पानी देईन आन् विचारीन, इतके वर्सं कुठी होते म्हनून. जे खरं असन ते मंडळीपुढं होऊ द्या. लपवलेलं मले पटत नाई."

सुपातले तांदूळ पुन्हा उडायला लागले. मुखरू आल्या वाटेनं निघून गेला.

रविवारी झाडाला घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले. मंडळी जमली. मुखरू नव्या कोटात पुढच्या बाकावर बसला होता. पहिलं गीत संपता संपता मागचं दार करकरलं. मुखरूनं वळून पाहिलं. दाढीवाला माणूस शेवटच्या बाकावर टेकत होता. कालच दुरुस्त केलेलं बाक, जरासुद्धा वाजलं नाही.

उपासना सरली. पाद्रीसाहेबांनी वही उघडली.

"देवाजींची विधवा रुखमाबाई आणि विधुर मुखरू सुतार यांच्या विवाहाचा हा तिसरा पुकार. कोणाची हरकत असल्यास त्यानं आताच सांगावी."

मागचा माणूस उभा राहिला.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. रुखमाबाईनं त्या चेहऱ्याकडं डोळे ताणून पाहिलं. मग तिनं मान हलवली. तो देवाजी नव्हता. तिच्या तोंडावर हसू फुटलं आणि ते घेऊन ती मुखरूकडं वळली.

मुखरू उठून उभा होता.

"तू नको सांगू गा," तो त्या माणसाला म्हणाला. "मीच सांगतो. माझी बायको मेली नाई. सिरोंच्याले हाये, मंगली नाव तिचं. मीच टाकून आलो तिले. तू तिचा कोन लागते?"

तो माणूस गोंधळून चहूकडं पाहू लागला. डोक्यावरचं फडकं त्यानं काढून हातात घेतलं.

"मी कोनीच नाई, बाबा. पाद्रीबाबानं नाव घेतलं तं मुखरू सुतार कोन ते पाहाले उठलो. माझ्या बंडीचं चाक मोडलं हाये."